आई पडली

पुणे, १८ मे २०२४

चि. सौ. अक्षया,

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी मूठभर जास्त.

परवा व्हिडिओ कॉलवर तू नुसती मान हलवत होतीस. बारा वर्षांत तुला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, ही आमचीच सून की दुसरी कुणी आणून बसवली सत्यजितने? मग तो म्हणाला, जबडा दोन ठिकाणी मोडलाय, ऑपरेशन करून पट्ट्या बसवल्यात आणि वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकलेत, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. ऐकूनच माझे उरलेसुरले दात शिवशिवले. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतेस म्हणजे काय गं? खाण्यापिण्याकडे लक्ष देत नाहीस, दुसरं काय.

फोनवर तुला बोलता येत नाही आणि मोबाइलवर माझी बोटं चालत नाहीत. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात आहे, त्याला कागदच बरा. म्हणून हे पत्र. सोबत पार्सल आहे. नाचणीचं सत्त्व, मेतकूट आणि भाजलेली मूगडाळ दळून. मेतकूट तुला आता कसं खाता येणार हा प्रश्न मला डबा बंद केल्यावर पडला. असू दे, सुवास घे.

सत्यजितने एक काम सांगितलं होतं, ते मी दोन तासांत करून टाकलं. तिथल्या विम्याच्या लोकांना कागद लागतात म्हणे. आपल्या उल्हास डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, सूनबाईला लग्नापासून अधूनमधून चक्कर येते असं लेटरहेडवर लिहून द्या. त्यांनी तुला उभ्या जन्मात एकदा तपासलंय, तेही खोकल्यासाठी, पण तीस वर्षांची ओळख, काही विचारलं नाही. लिहिलं, शिक्का मारला, वर चहा पाजला. फोटो काढून सत्यजितला पाठवला आणि मूळ कागद कुरिअरने. जपानी माणसाला हे जमायचं नाही, त्यांना सगळं खरंखुरं लागतं.

सत्यजित तुझं सगळं करतोय हे ऐकून बरं वाटलं. स्वयंपाक, शिवानीचा डबा, कचऱ्याचे वेगवेगळे दिवस सांभाळणं. त्याच्या वडिलांनी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही. ते जाऊन आता तीन वर्षं होतील. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून एवढ्यावरच थांबते.

नातीला माझा पापा. ती मला जपानीत उत्तर देते आणि मी तिला मराठीत, आणि आमचं दोघींचं काही अडत नाही.

तुझी आई (सासू म्हटलेलं मला आवडत नाही हे तुला माहीत आहे)
जयमाला


फुनाबोरी, २९ मे

ती. आई,

नमस्कार बसूनच करते आहे. वाकलं की डोक्यापर्यंत ठणका जातो.

पार्सल सोमवारी मिळालं. पत्र आधी सत्यजितने वाचलं, मग मला दिलं. माझा फोन महिनाभर त्याच्याचकडे आहे, डोळ्यांना ताण नको म्हणून. हे लिहायला शिवानीने तिच्या वहीची पानं दिली आहेत. त्यांच्यावर कांजी, म्हणजे इथली चित्रासारखी अक्षरं, गिरवायचे चौकोन आहेत, म्हणून माझं अक्षर एवढं सुधारलेलं दिसतंय.

तुम्ही विचारलं नाहीत तरी दिवस कसा जातो ते सांगते. साडेसातला सत्यजित कावासाकीच्या ऑफिसला निघतो, आठला शिवानी शाळेत. मग मी मऊ भात आणि वरण मिक्सरमधून काढते, दोनदा गाळते आणि गालाच्या आतून जाड नळीने ओढून घेते. एक वाटी संपायला चाळीस मिनिटं लागतात. मेतकूटही गाळलं. मेतकुटाचं पाणी पिणारी मी इथली पहिलीच असेन. सहा किलो उतरले आहे. बोलायला शिवानीची जुनी खेळण्यातली पाटी आहे, लिहायचं आणि पट्टी ओढली की पुसतं.

गळ्यात एक छोटा कटर असतो, मंगळसूत्राच्या शेजारी. उलटी झाली तर तोंड उघडत नसल्यामुळे ती श्वासात जाते आणि माणूस गुदमरतो. म्हणून घरी सोडलं त्या दिवशी नर्सने मला आरशासमोर उभं करून तारा कुठून कापायच्या ते तीनदा दाखवलं. कटर आंघोळीतसुद्धा काढायचा नाही, आणि पोट सांभाळायचं, असं तिने बजावलं. सत्यजित शेजारी उभा राहून सगळं नीट ऐकत होता.

विम्याचा फॉर्म आला. नोकरी त्याची, म्हणून फॉर्म त्याच्या नावावर येतो. जखम कधी झाली, कुठे झाली, काय करताना झाली, दुसऱ्या कुणामुळे झाली का, असं विचारतात. माझ्या जबड्याची उत्तरं त्याने लिहिली, मी समोर बसून बघत होते. ‘दुसऱ्या कुणामुळे’ याच्यापुढे ‘नाही’ लिहून त्याने उल्हास डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

आई, एक विचारू? मला चक्कर कधी आली होती? मला आठवत नाही. हॉस्पिटलमध्ये मी पाटीवर ‘पाय घसरला’ असं लिहिलं होतं, कारण चक्करचं तोवर ठरलं नव्हतं. तिथल्या एक बाई मला सारख्या कसं झालं तेच विचारायच्या. तीनदा सत्यजितसमोर विचारलं आणि चौथ्यांदा तो चहा आणायला गेला तेव्हा. चौथ्यांदाही मी तेच लिहिलं.

शिवानी बरी आहे. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, ‘मामा गा कोरोंदा’, म्हणजे आई पडली. गोंधळ नको म्हणून सत्यजितने तिच्याकडून ते दोनदा म्हणून घेतलं होतं. आता कुणी काही विचारायच्या आधीच ती सांगून टाकते. परवा कोपऱ्यावरच्या दुकानात बिलाला उभ्या होतो, तर काउंटरवरच्या मुलीलाही सांगितलं.

पुढचं पत्र कृपा करून मागे लिहिलेल्या पत्त्यावर पाठवा. खालच्या मजल्यावर चित्रा राहते, मुंबईच्या बँकेतर्फे इथे बदली झालेली. आमच्या पेटीत हल्ली कागद फार साठतात.

तुमची
अक्षया


पुणे, ८ जून, शनिवार

अक्षया,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी मला भांडायचं आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा सासू म्हणून वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मास्तरीण म्हणून वाचलं आणि चुका सापडल्या. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा पाटावरून उठवेना.

तुमच्या त्या बाथरूममध्ये मी दोन वर्षांपूर्वी दोन महिने आंघोळ केली आहे. जमीन अशी खरबरीत की पाय हलत नाही, आणि खोली एवढीशी की पडायचं म्हटलं तरी भिंत धरते. मीच तुला म्हणाले होते, इथे म्हातारं माणूस पडणार नाही. आणि तू पडलीस, तीही अशी की जबडा दोन ठिकाणी मोडला आणि व्हिडिओवर बघते तर कोपराला खरचटलंसुद्धा नाही. पडणारा माणूस आधी हात टेकतो गं. हे मला कोण शिकवणार? मी या विषयात पंडित आहे.

आता ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एकोणीसशे शहाऐंशी साल. आम्ही सातारला बँकेच्या क्वार्टर्समध्ये होतो. शाळेच्या सहलीबरोबर जायला मी माझं नाव दिलं होतं, यांना न विचारता. संध्याकाळी हे बँकेतून आले, मी पाणी आणून दिलं. त्यांनी पाणी प्यायलं आणि तोच तांब्या माझ्या तोंडावर मारला. दोन दाढा माझ्या हातात पडल्या. मग पाठीत लाथा घातल्या त्या वेगळ्या, त्या मी मोजल्या नाहीत. सत्यजित सहा वर्षांचा, शेजारी अभ्यासाला बसलेला. पेन्सिल हातात तशीच.

मी पदर तोंडात कोंबला आणि आधी त्याला जवळ घेतलं. म्हटलं, कुणी विचारलं तर काय सांगायचं? आई पडली. म्हण बघू. त्याने म्हटलं. पुन्हा म्हण. पुन्हा म्हटलं. मी म्हटलं शहाणं माझं बाळ ते, आणि त्याला तिळाची वडी दिली. चौतीस वर्षांत मी हजारो मुलांकडून पाठांतर करून घेतलं, पण इतकं पक्कं कुणाचंच झालं नाही.

यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी ते पस्तीस वर्षं झाकून ठेवलं, हे गेले तेव्हा शेजारच्या बायकांसमोर रडलेसुद्धा. आणि आता ती चक्करची चिठ्ठी मीच आणून दिली. चहा पिऊन आणली. माझ्या हाताला काय म्हणावं तेच कळत नाही.

मला एका शब्दात लिही. मारलं का?

तुझं उत्तर यायला वीस दिवस जातील, तोवर मी हातावर हात ठेवून बसणार नाही. उद्या रविवार, तो घरी असेल. सकाळी त्याला फोन करून अशी हजेरी घेते की जन्माची आठवण राहील. बाहेर कसाही असला तरी आईचं तो ऐकतो.

आता आशीर्वाद. नावामागे सौ. लिहायला आज हात धजला नाही.

जयमाला


२० जून
(पत्ता लिहायचा नाही असं इथल्या बाईंनी सांगितलं आहे.)

आई,

तुमचा फोन आधी आला, पत्र नऊ दिवसांनी. पत्र आधी आलं असतं तर मी चित्राच्या फोनवरून तुम्हाला कळवलं असतं, की पाया पडते, त्याला काही बोलू नका. हे मी रागानेच लिहिते आहे. माझा राग गिळायला तोंड उघडावं लागेल, आणि ते पुन्हा बांधलेलं आहे.

तुम्ही एका शब्दात मागितलंत. हो.

तीन मेला इथे सुट्टी असते. मी निशी-कासाईच्या पाळणाघरात दिवसातून चार तासांचं काम बघितलं होतं. सकाळी त्याला सांगितलं. मी कुकर लावायला घेतला, तुम्ही पुण्याहून आणलेला. त्याने माझ्या हातातून झाकण घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि उजव्या गालावर मारलं. हाड त्या बाजूला मोडलं आणि दुसऱ्या बाजूलाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पहिली वेळ नव्हती, आई. आधी तो दिसेल असं मारायचा नाही, एवढंच.

आता नऊ जूनचं. तुमचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. तो बाल्कनीत उभा राहून बोलत होता. हो आई, नाही आई, चुकलं आई. दहा मिनिटं. मग आत आला, शिवानीला टीव्ही लावून दिला, तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. मला म्हणाला, आईला लिहिलंस. मी पाटीवर ‘नाही’ लिहिलं. त्याने गळ्यातला कटर खेचला. दोरीबरोबर मंगळसूत्र तुटलं आणि मणी सगळीकडे गेले. मग त्याने माझ्या पोटात लाथ मारली. एक नाही, तीन. पोटात मारलं की काय होतं ते त्याला माहीत होतं, नर्सचं त्याने नीट ऐकलं होतं.

सकाळी घेतलेलं नाचणीचं सत्त्व वर आलं. तोंडाला जायला वाट नाही, ते नाकात आलं आणि मागे घशात भरलं. श्वास घेतला की तेच आत जायचं. तो माझ्यासमोर कटर मुठीत धरून उभा होता. म्हणाला, आता सांग ना आईला. आई, तो ओरडत नव्हता.

मी सरपटत बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. तिथे फळीवर नेलकटर होता. नर्सने शिकवलं होतं तसं आरशात बघून एकेक तार चिमटीत धरून दाबली. तार सुटली तेव्हा हिरडीही सुटली. दुसरी. तिसरी. तोवर डोळ्यांपुढे काळं यायला लागलं होतं. पाचवीला जबडा लोंबला आणि सगळं बाहेर पडलं, सत्त्व, रक्त, एक दात. तेवढ्यात त्याने लाथ मारून दार मोडलं. माझं डोकं केसांनी धरून आरशावर आपटलं, दोनदा. पाच आठवड्यांनी माझं तोंड उघडलं होतं. मी ओरडले. ते ऐकून खालून चित्राने पोलिसांना फोन केला.

पोलीस यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात त्याने काय केलं असेल? आरसा फुटला होता. त्याने काचा गोळा केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि वर मार्करने ‘किकेन’ लिहिलं. म्हणजे धोका. फुटलेली काच कचऱ्यात टाकताना इथे असं लिहावं लागतं, नेणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मी फरशीवर पडले होते आणि पोलीस दारात आले तेव्हा तो शेवटचं अक्षर काढत होता. ते बघून मला हसू आलं. हसल्यामुळे बरगडी मोडल्याचं कळलं.

शिवानी दाराच्या फटीतून बघत होती. पोलीसबाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि हळूच विचारलं, काय झालं? शिवानीने माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे. मग म्हणाली, मामा गा कोरोंदा.

पोलिसांनी जबाब घेऊन त्याला सोडलं, पण आम्हा दोघींना त्याच दिवशी तिथून हलवलं. इथे आम्ही सुरक्षित आहोत, पण फार दिवस राहता येणार नाही. त्याने माझ्या आणि शिवानीच्या जवळ येऊ नये असा हुकूम कोर्टाकडून मिळवायचा आहे. पुढच्या आठवड्यात अर्ज जाईल. वकीलबाई म्हणतात, तो सांगतोय की हिला चक्कर येते, दोन्ही वेळा ही पडली, दार मी तिला वाचवायला मोडलं. शिवाय अशा आजारी बाईकडे मुलगी कशी ठेवायची, असंही. त्याच्याकडे मुलीचा जबाब आहे आणि भारतातल्या डॉक्टरचा शिक्का आहे. वकीलबाईंनी तुमच्या त्या चिठ्ठीची प्रत माझ्यासमोर ठेवली. इथे शिक्का मारलेला कागद खोटा असू शकतो हे कुणाला पटकन सुचत नाही.

तो तुमचा एकुलता एक मुलगा आहे. मी तुमच्याकडे काही मागत नाही. शिवानी मात्र रोज रात्री झोपताना विचारते, मला कधी पापाकडे जावं लागणार आहे का. तिला काय सांगू, तेवढं कळवा. पत्र चित्राच्याच पत्त्यावर.

अक्षया


कावासाकी, २९ जून

आई,

हा मेल शेजारच्या गीताच्या ईमेलवर पाठवतोय. प्रिंट काढून तुला देईल. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहावं लागतंय.

मी सध्या ऑफिसजवळ एका हॉटेलात राहतोय. कंपनीत अजून कुणाला माहीत नाही. इथे नाव खराब झालं तर संपलं, तुला कल्पना नाही हे लोक कसे आहेत. तोंडावर सत्यजित-सान म्हणतील आणि पुढच्या वर्षी व्हिसाचे कागदच करणार नाहीत.

आई, तू मला ओळखतेस. एकदा हात उठला. कुकरचं झाकण हातात होतं, जरा जोरात लागलं. मी काय रोज मारतो का? पण बायकोने घरातली गोष्ट बाहेर नेली. तू कधी नेलीस? बाबांनी तुला काय फुलासारखं ठेवलं होतं? तू गेलीस का पोलिसांत? तू संसार सांभाळलास, मला शिकवलंस, म्हणून मी आज इथे आहे. तेच मी शिवानीला देऊ पाहतोय. आणि त्या दिवशीचं म्हणशील तर तुझ्या फोनमुळेच माझं डोकं फिरलं. तू मध्ये पडली नसतीस तर काही झालं नसतं.

बारा जुलैला कोर्टात माझं म्हणणं ऐकणार आहेत. उल्हास डॉक्टरांची चिठ्ठी आहेच, पण माझा वकील म्हणतो घरच्या माणसाचं एक पत्र हवं. तीन ओळी लिही. अक्षयाला चक्कर येते हे मी स्वतः पाहिलंय, जपानला होते तेव्हाही आली होती, ती पडते. सही आणि तारीख. कुरिअरने पाठव.

मला दुसरं कोण आहे, आई?

सत्यजित


पुणे, २ जुलै

चि. अक्षया,

आशीर्वाद आज तुझ्याकडून मागायला हवेत, पण पद्धत नाही म्हणून देतेच.

तुझं पत्र आणि त्याचं पत्र एकाच दिवशी हातात आली. दोन्ही देवघरासमोर ठेवून बसले, पण देवानेही काही सांगितलं नाही. त्याचं शेवटचं वाक्य वाचून माझा जीव तुटला हे तुझ्यापासून लपवत नाही. नऊ महिने पोटात ठेवलेला आहे. तापात फणफणला की माझ्याच मांडीवर झोपायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून आजवर गप्प बसत आले. पण तुझा कटर त्याने ज्या मुठीत धरला, ती मूठ मी चौकोनी वहीत अक्षरं गिरवायला शिकवली होती.

माझ्या फोनचं काय सांगू? क्षमा मागून तुझी बरगडी जुळणार नाही. मला वाटलं होतं, तो आईचं ऐकतो. ऐकतोच तो, फार लहानपणापासून ऐकतो, तेच नडलं.

काल सकाळी उल्हास डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, चक्करची चिठ्ठी खोटी होती असं लिहून द्या. ते म्हणाले, जयमालाताई, घरचं प्रकरण आहे, कशाला वाढवता, माझंही नाव आहे. मी म्हटलं, डॉक्टर, शहाऐंशी साली मी सातारहून दाढा दाखवायला तुमच्या वडिलांकडे आले होते, तेव्हा ते मला म्हणाले होते, ताई, उंबऱ्यावर पडून आतल्या दाढा तुटत नाहीत. असं म्हणूनही त्यांनी कागदावर पडल्याचंच लिहिलं. तुमच्या घराण्याने आमच्या घराण्यासाठी दोन खोट्या चिठ्ठ्या लिहिल्यात. तिसरी खरी लिहा, नाहीतर मी इथेच बाकावर बसते आणि आत येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ही गोष्ट सांगते. बाकावर पाच जण होते. मी पहिल्याला सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी लिहून दिलं. चहा विचारला, मी घेतला नाही.

मग नोटरीकडे गेले. माझं निवेदन मराठीत लिहिलं, गीताने इंग्रजी केलं. इंग्रजी करताना तिने मध्येच पेन खाली ठेवलं. बावीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आम्ही. म्हणाली, काकू, आवाज यायचे आम्हाला. मला वाटायचं मी काय छान झाकलंय.

सत्यजितच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. झाकण हातात होतं, जोरात लागलं, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. आई दाखवणार नाही याची त्याला खात्री होती. हेच सगळे कागद मी त्यालाही पाठवले आहेत, पाठीमागून वार केला असं त्याने म्हणू नये. सोबत एवढंच लिहिलं, की तुला तीन ओळी हव्या होत्या, मी जास्त लिहिल्या आहेत. घरी यायचं असेल तेव्हा ये, पण आधी तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने मला सांगायचं, आणि ‘लागलं’ म्हणायचं नाही.

खाण तशी माती म्हणतील लोक. म्हणू देत.

शिवानीला सांग, तिला कुणाकडेही जावं लागणार नाही. पोलीसबाईंना ती जे बोलली त्याबद्दल तिला रागावू नकोस, चुकून एक शब्दही बोलू नकोस. ते वाक्य तिचं नाही, माझं आहे. मीच ते घरात आणलं, म्हणून मीच परत घेते. खालचं निवेदन तिला वाचून दाखव. पाठ करून घेऊ नकोस, एकदा ऐकलं तरी तिला कळेल.

जयमाला

निवेदन

मी, जयमाला रविकांत, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार पुणे, शपथेवर लिहून देते, की

माझी सून अक्षया हिला चक्कर येण्याचा कोणताही आजार नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या घरी दोन महिने राहिले, तेव्हा तिला एकदाही चक्कर आली नाही. तशी चिठ्ठी मी माझ्या मुलाच्या सांगण्यावरून ओळखीच्या डॉक्टरांकडून मिळवली. ती खोटी आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं सोबत जोडलं आहे.

माझ्या मुलाने तिला मारल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याने मला लिहिलेलं पत्र जोडलं आहे, ते वाचावं.

माझी नात सात वर्षांची आहे. ‘आई पडली’ हे वाक्य तिला तिच्या वडिलांनी शिकवलं. तिच्या वडिलांना ते मी शिकवलं, सातारा येथे, सन १९८६ मध्ये, माझ्या पतीने तांब्याने मारून माझे दोन दात पाडले त्या संध्याकाळी. तेव्हापासून आजपर्यंत मी सर्वांना मी पडले असं सांगत आले.

मी पडले नव्हते. अक्षयाही पडलेली नाही.

जयमाला रविकांत
पुणे, १ जुलै २०२४